अननसाच्या वासापासून गाडीच्या धुरापर्यंत: तुमच्या आरसीवरच्या ‘बीएस’मागचा माणूस



गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाचा फोन आला. त्याला सेकंड हँड डिझेल गाडी घ्यायची होती. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर गाडीचे फोटो, आरसी आणि पीयूसी सर्टिफिकेट असं सगळं पाठवलं. पीयूसी अगदी ताजी होती. सायलेन्सरमधून धूर दिसत नव्हता, वासही येत नव्हता. त्यामुळे प्रदूषणाचा विषय मिटला, असं त्याचं म्हणणं.

मी आरसीचा फोटो झूम करून पाहिला. एमिशन नॉर्म्सच्या रकान्यात लिहिलं होतं भारत स्टेज ४. मी त्याला म्हटलं, बाबा रे, पीयूसी पास होणं वेगळं आणि गाडी कोणत्या वर्गातली आहे हे वेगळं. त्याने लगेच विचारलं की एकाच गाडीच्या धुरासाठी दोन वेगळी मापं कशाला?

प्रश्न सोपा होता, पण दोन मिनिटांत उत्तर देता येईना. कारण या उत्तराची सुरुवात होते ती ८० वर्षांपूर्वीच्या लॉस एंजेलिसमध्ये, अननसाच्या वासावर काम करणाऱ्या एका माणसापासून. त्यांचं नाव आरी यान हाखेन-स्मिट. आज जगभर गाड्यांच्या धुराचे जे निकष आहेत, त्यांच्या मुळाशी या माणसाचं काम आहे. चला तर मग, त्यांची गोष्ट पाहू आणि सोबत आपल्या आरसीवरचा तो छोटासा रकानाही समजून घेऊ.

वासाचा शोध घेणारा केमिस्ट

हाखेन-स्मिट यांचा जन्म २२ डिसेंबर १९०० रोजी नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात झाला. शिक्षणही तिथल्याच विद्यापीठात. विषय होता वनस्पतींचं रसायनशास्त्र. फुलाला वास कुठून येतो, फळाला चव कशामुळे येते, झाड वाढतं ते कुठल्या रसायनाच्या जोरावर, अशा प्रश्नांमध्ये त्यांना रस होता.

१९३४ मध्ये फ्रिट्झ क्योगल यांच्या गटात काम करताना त्यांनी झाडांची वाढ घडवून आणणारं एक संप्रेरक वेगळं करण्यात वाटा उचलला. गंमत म्हणजे हे रसायन मिळालं ते माणसाच्या मूत्रातून! सांगायचा मुद्दा हा की ढीगभर मालातून चिमूटभर रसायन वेगळं काढायचं आणि ते नेमकं काय आहे हे ओळखायचं, यात त्यांचा हातखंडा होता. हे लक्षात ठेवा, पुढे हेच कौशल्य कामी येणार आहे.

१९३६ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथल्या कॅलटेकमध्ये दाखल झाले. लॉस एंजेलिस तिथून अगदी जवळ. कॅलटेकमध्ये त्यांनी अननसाच्या वासावर आणि चवीवर काम केलं. १९४५ मध्ये त्याचे निबंध प्रसिद्ध झाले. पद्धत अशी होती की फळातून निघणारी वाफ अतिशय थंड केलेल्या नळ्यांमधून न्यायची. वासाची रसायनं तिथे गोठून थेंबांच्या रूपात जमा होतात. मग त्या थेंबांची तपासणी करायची.

छान नोकरी, आवडीचं काम, पॅसाडेनाचं ऊन. आयुष्य असंच सुखात गेलं असतं. पण त्या उन्हातच गडबड होती.

२६ जुलै १९४३: शहरावर गॅस हल्ला?

दुसरं महायुद्ध चालू होतं. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर तपकिरी धुरक्याची चादर पसरली. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसा जळायला लागला, थोड्या अंतरावरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. काहींना वाटलं, जपानने विषारी वायूचा हल्ला केला!

हल्ला वगैरे काही नव्हता. मग दोषी शोधायची मोहीम सुरू झाली. शहरात कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणारा एक कारखाना होता. सगळ्यांचं बोट तिकडे गेलं आणि तो काही काळ बंद केला. धुरकं तसंच राहिलं. मग तेल शुद्धीकरण कारखान्यांमधल्या सल्फर डायऑक्साइडवर संशय गेला. घरोघरी मागच्या अंगणात कचरा जाळायच्या भट्ट्या असायच्या, त्यांच्यावरही गेला. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने प्रदूषण रोखण्यासाठी खास खातं काढलं आणि कारखान्यांवर निर्बंध आणले. तरीही धुरकं जाईना.

त्यात एक विचित्र गोष्ट होती. लंडनचं धुरकं कोळशाचं. ते थंडीत, ढगाळ हवेत दाटायचं. लॉस एंजेलिसचं धुरकं मात्र स्वच्छ ऊन पडलं की वाढायचं आणि रात्री कमी व्हायचं. शिवाय आसपासच्या शेतातल्या पालेभाज्या करपायच्या, आणि गाड्यांच्या टायरला इतर शहरांपेक्षा लवकर भेगा पडायच्या. नेहमीच्या धुराने असं होत नाही.

अननसाऐवजी शहराची हवा

पीएच मीटर बनवणारे आर्नल्ड बेकमन हाखेन-स्मिट यांना ओळखत होते. वासाची रसायनं पकडायची यंत्रणा हाताशी आहेच, तर तीच जरा शहराच्या हवेवर वापरून बघा, असा आग्रह त्यांच्याकडून आणि प्रदूषण खात्याकडून झाला. हा काळ १९४८ च्या आसपासचा.

हाखेन-स्मिट यांनी पॅसाडेनाची हजारो घनफूट हवा त्या थंड नळ्यांमधून खेचली. हाती आले ते थोडेसे घाणेरड्या वासाचे तपकिरी थेंब. त्यात काय होतं? सल्फर हा मुख्य आरोपी नव्हताच. सापडले ते अर्धवट ऑक्सिडाइझ झालेले सेंद्रिय पदार्थ, म्हणजे पेट्रोलसारख्या इंधनाच्या वाफेवर हवेतच काहीतरी प्रक्रिया होऊन तयार झालेली रसायनं.

आता खरा प्रश्न असा की ही प्रक्रिया करतंय कोण? हाखेन-स्मिट यांनी उत्तराचे तुकडे एकेक करून जोडले.

पहिला तुकडा, हायड्रोकार्बन. सोप्या भाषेत, न जळलेलं किंवा वाफ होऊन उडालेलं इंधन. हे गाडीच्या सायलेन्सरमधून, इंजिनमधून, टाकीतून, तसंच तेल कारखान्यांमधून येतं.

दुसरा तुकडा, नायट्रोजन ऑक्साइड्स. यांना आपण नॉक्स म्हणू. इंजिनमध्ये तापमान प्रचंड वाढतं, तेव्हा हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जुळतात आणि नॉक्स तयार होतो. म्हणजे इंधन कितीही शुद्ध असलं तरी इंजिन गरम आहे तोवर नॉक्स होणारच.

तिसरा तुकडा, सूर्यप्रकाश. ऊन पडलं की नॉक्स आणि हायड्रोकार्बन यांच्यात साखळी प्रक्रिया सुरू होते आणि त्यातून ओझोन बनतो. उंच आकाशातला ओझोन आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो. पण तोच ओझोन नाकाशी आला की फुप्फुसांना, पानांना आणि रबराला त्रास देतो.

शहराची जागाही अशी की एका बाजूला समुद्र, बाकीच्या बाजूंनी डोंगर, आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला. आत तयार झालेलं बाहेर पडायला वाटच नाही.

आता या शोधातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बघा. ओझोन कुठल्याच सायलेन्सरमधून बाहेर पडत नव्हता. तो हवेत शिजत होता. गाड्या फक्त त्याचा कच्चा माल पुरवत होत्या. त्यामुळे गाडीमागे उभं राहून धूर दिसतोय का, वास येतोय का, हे पाहून काहीच कळणार नव्हतं.

हाखेन-स्मिट यांनी हे प्रयोगशाळेत करून दाखवलं. पेट्रोलची वाफ आणि ओझोन एकत्र केल्यावर पालक, बीट यांसारख्या पिकांच्या पानांवर तेच डाग पडले जे शेतात दिसायचे. वाकवलेल्या रबराच्या तुकड्याला किती वेळात भेगा पडतात यावरून ते हवेतला ओझोन मोजायचे. किती साधं आणि स्वस्त मीटर! १९५२ मध्ये या सगळ्या कामाचा निबंध प्रसिद्ध झाला.

आता बोट स्वतःकडे वळलं

तोवर दोष कारखान्यांचा होता. आता निष्कर्ष असा निघत होता की मोठा वाटा रोज ऑफिसला जाणाऱ्या सामान्य माणसाच्या गाडीचा आहे. लॉस एंजेलिससारख्या गाडीवर प्रेम करणाऱ्या शहरात हे ऐकायला कुणाला आवडणार?

तेल उद्योगाने पैसे दिलेल्या एका संशोधन संस्थेने हाखेन-स्मिट यांच्या निष्कर्षांवर शंका घेतली. तिथल्या एका शास्त्रज्ञाने कॅलटेकमध्येच येऊन भाषण दिलं आणि त्यांचं काम चुकीचं ठरवलं. हाखेन-स्मिट श्रोत्यांमध्ये बसले होते. ते भयंकर चिडले. खरं तर त्यांना पुन्हा आपल्या वनस्पतींकडे आणि वासांकडे वळायचं होतं. पण त्या दिवसानंतर त्यांनी ठरवलं की आता हा विषय तडीस न्यायचाच. मला त्यांच्या आयुष्यातलं हे वळण सगळ्यात मोठं वाटतं. पन्नाशीला आलेला, आपल्या क्षेत्रात नाव कमावलेला माणूस आवडतं काम बाजूला ठेवतो आणि सगळ्यांना नको असलेल्या विषयात उतरतो.

गाडी कंपन्यांची भूमिका काय होती? लॉस एंजेलिसचे लोकप्रतिनिधी केनेथ हान १९५३ पासून डेट्रॉइटच्या कंपन्यांना पत्रं लिहीत होते. धूर हवेत लगेच विरून जातो, काळजीचं कारण नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांना मिळालं. पुढे १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने तर गाडी कंपन्यांवर खटलाच भरला. प्रदूषण कमी करणारी उपकरणं लांबणीवर टाकण्यासाठी कंपन्यांनी आपसात संगनमत केलं, असा आरोप होता. त्याच वर्षी तो खटला तडजोडीने मिटला.

धुराला आकडा मिळाला

गाडी प्रदूषण करते हे कळणं एक, आणि किती केलं तर चालेल हे ठरवणं दुसरं. निकष म्हणजे काय, तर हा आकडा. १९६० मध्ये कॅलिफोर्नियाने मोटार प्रदूषण नियंत्रणासाठी मंडळ नेमलं आणि हाखेन-स्मिट त्याचे सदस्य झाले.

सुरुवात सोप्या गोष्टीपासून झाली. इंजिनच्या खालच्या भागात, क्रँककेसमध्ये, सिलिंडरमधून निसटलेले वायू जमतात. पूर्वी ते सरळ बाहेर सोडून द्यायचे. ते परत इंजिनमध्ये नेऊन जाळणारा एक छोटा व्हॉल्व्ह बसवणं सक्तीचं झालं. आज बहुतेक पेट्रोल गाड्यांत हा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तुमच्या मेकॅनिकला विचारा, तो दाखवेल.

मग १९६६ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरावर मर्यादा आली. हायड्रोकार्बन २७५ पीपीएम आणि कार्बन मोनॉक्साइड १.५ टक्के. १९६८ च्या मॉडेलपासून संपूर्ण अमेरिकेत अशी मर्यादा लागू झाली.

आणि इथे एक धडा मिळाला. हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड कमी करायला कंपन्यांनी इंजिनमध्ये इंधन कमी आणि हवा जास्त केली, ज्वलन सुधारलं. पण त्यामुळे इंजिनमधला नॉक्स वाढला! एका वायूवर मर्यादा घातली आणि दुसरा मोकाट सुटला. धुराच्या निकषांमध्ये प्रत्येक वायूला वेगळी मर्यादा असते, ती उगाच नाही. एकाला दाबलं की दुसरा वर येतो.

१९६७ मध्ये कॅलिफोर्नियात नवा कायदा झाला आणि त्यातून कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड, म्हणजे ‘कार्ब’, जन्माला आलं. गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, आणि पहिले अध्यक्ष झाले हाखेन-स्मिट. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या कायद्याने कॅलिफोर्नियाला देशापेक्षा कडक निकष ठरवायची मुभा दिली. १९७१ मध्ये कार्बने नॉक्सवर मर्यादा घातली, आणि असं करणारं कॅलिफोर्निया हे अमेरिकेतलं पहिलं राज्य ठरलं.

पुढचा वाद जुन्या गाड्यांचा होता. १९६६ ते १९७० च्या, म्हणजे ज्यांचा नॉक्स वाढला होता त्या गाड्यांना वेगळं उपकरण बसवायचं ठरलं. खर्च मालकाच्या खिशातून! लोक वैतागले, राजकारण तापलं. त्या काळातच, १९७३ मध्ये, हाखेन-स्मिट यांचं अध्यक्षपद संपलं. त्याच वर्षाचं अमेरिकेचं नॅशनल मेडल ऑफ सायन्स मात्र त्यांच्या नावावर आहे.

इंधन बदलल्याशिवाय गाडी बदलत नाही

१९७० च्या अमेरिकन कायद्याने प्रदूषण तब्बल ९० टक्के कमी करायचं लक्ष्य दिलं. हे फक्त इंजिन ट्यून करून जमणारं नव्हतं. त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आलं. सायलेन्सरच्या वाटेत बसवलेला डबा, त्यात मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या आणि त्यावर प्लॅटिनमसारख्या धातूंचा थर. धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात होतं. पुढच्या पिढीच्या कन्व्हर्टरने नॉक्सही हाताळला.

कल्पना जुनी होती. युजीन हूड्री यांनी १९५० च्या दशकात असं यंत्र बनवलं होतं. अडचण एकच, तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि शिसं या धातूंच्या थराला निकामी करायचं. म्हणून १९७५ च्या मॉडेलपासून कन्व्हर्टर आलं तेव्हा सोबत शिसं नसलेलं पेट्रोलही आणावं लागलं.

आपल्याकडेही तेच घडलं. भारतात २००० साली शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. नंतर प्रश्न आला सल्फरचा. बीएस-४ इंधनात सल्फरची मर्यादा ५० पीपीएम होती, बीएस-६ मध्ये ती १० पीपीएम झाली. बीएस हा नुसता गाडीचा नियम नाही, पंपावरच्या इंधनाचाही आहे.

गाडीचा वर्ग कसा ठरतो?

१९९० मध्ये कार्बने गाड्यांना सरळ वर्गच देऊन टाकले. कमी प्रदूषण करणारी, अतिकमी प्रदूषण करणारी, आणि शून्य प्रदूषण करणारी. आजच्या इलेक्ट्रिक गाड्यांची चर्चा ज्या शून्यापासून सुरू होते, ते शून्य तिथलं. युरोपने १९९२ पासून युरो १, युरो २ अशी पायऱ्यांची पद्धत घेतली. भारताने युरोपचा जिना निवडला आणि त्याला भारत स्टेज म्हटलं.

तुमच्या गाडीची मर्यादा मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते.

१. गाडीचा प्रकार. दुचाकी आणि तीनचाकी ‘एल’ गटात, प्रवासी गाड्या ‘एम’ गटात, मालवाहू गाड्या ‘एन’ गटात. ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त ८ सीट असलेली नेहमीची कार एम-१ मध्ये येते.

२. इंधन. आपल्याकडे आणि युरोपात पेट्रोल आणि डिझेलला वेगळ्या मर्यादा आहेत. अमेरिकेत मात्र इंधन कुठलंही असो, मर्यादा तीच.

३. गाडी कधी बनली. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ हा १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. बीएस-५ आपण गाळलाच.

आता आकडे पाहू, म्हणजे फरक डोळ्यांसमोर येईल. पेट्रोल कारला दर किलोमीटरला नॉक्सची मर्यादा बीएस-४ मध्ये ८० मिलिग्रॅम, बीएस-६ मध्ये ६०. डिझेल कारला बीएस-४ मध्ये तब्बल २५०, बीएस-६ मध्ये ८०. डिझेलच्या सूक्ष्म कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. म्हणून बीएस-६ डिझेल गाडीत कण अडवणारा फिल्टर असतो.

हे आकडे रस्त्यावर मोजत नाहीत. मॉडेल बाजारात येण्याआधी आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगांनी, ठरलेल्या वेळेत चालवतात आणि सगळा धूर गोळा करून एकेक वायू मोजतात. हा वर्ग गाडीला जन्मतः मिळतो आणि आरसीवर कायम राहतो.

मग पीयूसी काय मोजते?

पीयूसी म्हणजे गाडीची तब्येत तपासणं. पेट्रोल गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. डिझेल गाडीचा धूर किती गडद आहे ते बघतात. आणि नॉक्स? तो पीयूसीत मोजतच नाहीत.

म्हणजे हाखेन-स्मिट यांनी ज्या न दिसणाऱ्या वायूचं महत्त्व दाखवलं, नेमका तोच त्या कागदावर नाही. माझ्या भावाच्या गाडीचा धूर पारदर्शक होता, म्हणून पीयूसी पास झाली. ती खोटी नाही. पण त्या गाडीला नॉक्स सोडायची मुभा नव्या बीएस-६ डिझेलच्या तिपटीहून जास्त आहे, हे फक्त आरसी सांगते. बीएस-६ गाडीलाही पीयूसी लागतेच, कारण चांगल्या वर्गातली गाडीसुद्धा देखभाल नसेल तर बिघडते. थोडक्यात, आरसीवरचा बीएस म्हणजे गाडी कशी बनवली आणि पीयूसी म्हणजे गाडी कशी ठेवली. दोन्ही लागतात.

त्यांच्या नावाची लॅब

हाखेन-स्मिट यांचं १७ मार्च १९७७ रोजी पॅसाडेनात निधन झालं. कारण होतं फुप्फुसाचा कॅन्सर. त्याआधी थोडेच दिवस एल माँटे इथल्या कार्बच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं होतं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण २०१५ मध्ये ती लॅब जगभरच्या बातम्यांत आली. त्याआधी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी काही फोक्सवॅगन डिझेल गाड्या रस्त्यावर चालवून मोजल्या. नॉक्स मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. कार्बने आपल्या तपासण्या करून पिच्छा पुरवला आणि शेवटी कंपनीने कबूल केलं. गाडीच्या सॉफ्टवेअरला आपली परीक्षा चालू आहे हे ओळखता येत होतं. तेवढ्यापुरती गाडी शहाण्यासारखी वागायची, आणि रस्त्यावर आली की नॉक्स सोडायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होतं.

विचार करा, यातही ग्राहकाला काहीच दिसत नव्हतं. धूर नाही, वास नाही, कागदपत्रं व्यवस्थित. पकडलं ते मोजमापाने. या प्रकरणानंतर रस्त्यावर गाडी चालवून धूर मोजायच्या चाचणीला सगळीकडे जोर आला. भारतातही एप्रिल २०२३ पासून नव्या कारना ती चाचणी आहे. बीएस-६ चा दुसरा टप्पा म्हणतात तो हाच.

आता तुमची पाळी

मोबाईल हातात आहेच. एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये तुमच्या गाडीची आरसी उघडा आणि इंधन प्रकार, गाडी बनल्याचा महिना आणि भारत स्टेजचा रकाना पाहा. सेकंड हँड गाडी बघत असाल तर विकणाऱ्याकडे पीयूसीआधी हे मागा. मार्च २०२० च्या आसपास बनलेल्या गाड्यांमध्ये तर नक्की बघा, कारण तेव्हा एकाच मॉडेलच्या बीएस-४ आणि बीएस-६ अशा दोन्ही गाड्या विकल्या जात होत्या. दिल्लीत हवा फार बिघडली की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल कारवर बंदी येते, त्यामुळे हा रकाना उद्या खिशालाही जाणवू शकतो.

माझ्या मावसभावाने काय केलं? हे सगळं ऐकून तो म्हणाला की दादा, गाडी तर मला आवडली आहे. मी म्हटलं, निर्णय तुझा, फक्त पूर्ण माहिती घेऊन घे. दोन दिवसांनी त्याने दुसऱ्या एका गाडीचा फोटो पाठवला. या वेळी पहिला फोटो गाडीचा नव्हता, आरसीचा होता.